पक्षाने स्वतः पैसे देऊन केलेला सर्व्हे: पैसे नेमके कशाचे मोजतात?

काठावरचा

दोन सर्व्हे समोर ठेवून बसलोय आणि डोकं चालेनासं झालंय.

पहिल्यात एक उमेदवार ४ टक्क्यांनी पुढे. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की सर्व्हे त्याच्याच प्रचार समितीसाठी केलेला आहे. दोन दिवसांनी समोरच्याचा सर्व्हे आला, त्यात समोरचा ३ टक्क्यांनी पुढे. तोही त्याच्याच माणसांनी करून घेतलेला. दोन्हीकडे सॅम्पल सहाशेच्या आसपास, दोन्हीकडे 'चूक-मर्यादा अधिक-उणे ४ टक्के'. मग दोघांपैकी एक खोटं बोलतोय का? की दोघंही?

माझा मेहुणा म्हणतो, हे आकडे खोलीत बसून लिहितात, फोनबिन कोणी करत नाही. त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे एकच पुरावा आहे: मला स्वतःला फोन आला होता. बाई वीस मिनिटं बोलत होत्या. वय, शिक्षण, मागच्या वेळी मत दिलं का, सगळं विचारलं. मग 'आज निवडणूक झाली तर कोणाला मत द्याल?' मी सांगितलं. त्यानंतर सात-आठ विधानं वाचून दाखवली, प्रत्येकाची सुरुवात 'तुम्हाला असं कळलं की...' काही या उमेदवाराबद्दल, काही त्या. आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न: आता कोणाला मत द्याल?

आता खरं सांगतो, हसू नका. दुसऱ्या वेळी मी उत्तर बदललं. फोन ठेवल्यावर तासाभराने मूळ मतावर परत आलो, पण तोवर बाईंनी नोंद केलेली.

तर प्रश्न दोन. पक्ष आपलाच आकडा फुगवून घ्यायला पैसे का देईल? स्वतःलाच फसवण्यात काय अर्थ? आणि माझी दोन उत्तरं होती, त्यातलं कुठलं धरलं असेल?

ठोकताळा

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. विषय संपला.

हेडफोनवाली

ठोकताळा, म्हण चांगली आहे, पण अर्धीच लागू पडते. टाळ्याच हव्या असतील तर सर्व्हेवर पैसे कोण घालवेल? त्यासाठी फलक छापणारा पुरतो.

मी या धंद्यात नऊ वर्षं काढली. पहिली चार कानाला हेडफोन लावून, म्हणजे काठावरचा यांना फोन करणाऱ्या बाईंच्या जागेवर. उरलेली पाच आतल्या टेबलावर, आलेल्या उत्तरांची टेबलं काढत. संस्थेचं नाव सांगणार नाही, आता तिथे नाही.

आधी मेहुण्यांचा मुद्दा. फोन होतात. एका पूर्ण मुलाखतीसाठी किती नंबर फिरवावे लागतात ते त्यांना एक दिवस बसवून दाखवायला हवं. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने आपलेच आकडे दिलेत: १९९७ मध्ये त्यांच्या टेलिफोन सर्व्हेला ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. म्हणजे सहाशे माणसं मिळवायला हजारो दारं वाजवायची आणि बहुतेक बंदच राहायची. खोलीत बसून आकडे लिहिणारे नसतातच असं नाही म्हणत. पण ज्याला निवडणूक जिंकायची आहे तो असा आकडा विकत घेत नाही. त्याला खरं हवं असतं, आणि ते त्याला एकट्यालाच हवं असतं.

हे जुनंच आहे. १९३५ मध्ये रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा आकडेतज्ज्ञ होता एमिल हुर्जा. त्याने एक गुप्त चाचणी घेतली: ल्युझियानाचा ह्यूई लाँग तिसरा उमेदवार म्हणून उभा राहिला तर किती मतं खाईल? ही चाचणी हवा करायला नव्हतीच. उलट बाहेर फुटली असती तर लाँगचीच हवा झाली असती. १९६० मध्ये केनेडींसाठी लुई हॅरिसने चाचण्या केल्या, त्याही आधी कुठे ताकद लावायची आणि कुठला विषय काढायचा हे ठरवायला. पैसे टाकून खरा सर्व्हे केला की तो खिशात ठेवतात, हा या धंद्याचा मूळ स्वभाव.

म्हणून पक्षाचा सर्व्हे तुमच्या हातात पडला की मी आधी आकडा बघतच नाही. हा मला का दाखवतायत आणि आजच का, एवढंच बघते.

आता तुमचा फोन. तो तथाकथित 'पुश पोल' नव्हता, काळजी नको. पुश पोल म्हणजे सर्व्हेच्या सोंगाने केलेली बदनामी. त्यात फोन हजारोंनी जातात, मिनिटभरात संपतात, वय-शिक्षण कोणी विचारत नाही, कारण उत्तर कोणाला नकोच असतं, नुसतं कानात ओतायचं असतं. २००० साली साउथ कॅरोलायनाच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) रिपब्लिकन इच्छुक जॉन मॅकेन यांच्याविषयी अशी कुजबूज फोनवरून पसरवल्याचे आरोप झाले, ते आजही उदाहरण म्हणून देतात. अमेरिकेतली जनमत संशोधकांची संघटना याला संशोधन मानतच नाही.

तुमचं वीस मिनिटं चाललं, वय विचारलं, म्हणजे ती अस्सल चाचणी होती. विधानं तपासत होते. कुठलं वाक्य लागतं, कुठलं बोथट जातं. आमच्याकडे पहिल्या उत्तराला 'कोरा कौल' म्हणायचे आणि विधानांनंतरच्याला 'पाजल्यावरचा कौल'. (हे आमच्या टेबलावरचे शब्द, पुस्तकात शोधू नका.) प्रचाराच्या दृष्टीने दोन्ही मोलाचे. पहिला सांगतो आज कुठे आहोत, दुसरा सांगतो हेच बोलत राहिलो तर कुठवर जाऊ.

तुमचं कुठलं उत्तर धरलं? दोन्ही. छापलं कुठलं, हा वेगळा प्रश्न, आणि तिथेच मी एकदा स्वतः हात काळे केलेत.

एक अहवाल गेला होता, साठेक पानांचा. पान ४ वर कोरा कौल: आपला उमेदवार ५ ने मागे. पान ३१ वर पाजल्यावरचा: २ ने पुढे. रात्री साडेनऊला फोन. समोरचा माणूस अतिशय सभ्य. म्हणाला, "ताई, आकडा बदला असं मी म्हणतच नाही. फक्त पान ३१ वेगळं काढून द्या. एका पानाचं. वर तुमचं नाव असू द्या." मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, खोटं काय आहे त्यात? आणि खरंच, खोटं काही नव्हतं. ३१ नंबरच्या पानावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता. मी फाईल उघडली, ३१ ठेवलं, बाकीचं उडवलं, पानाचा नंबर खोडून १ केला. तो खोडतानाच हात जरा अडखळला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे 'उमेदवाराची मुसंडी'.

मेहुण्यांना सांगा, आकडे लिहायची गरज पडत नाही. पान काढलं की भागतं.

आता तुमचे दोन सर्व्हे. एक ४ ने पुढे म्हणतो, दुसरा ३ ने मागे. फरक ७ चा. तुम्हाला वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. पण ती जी 'अधिक-उणे ४' लिहिलेली असते ना, ती एकेका उमेदवाराच्या टक्केवारीला असते. दोघांमधल्या आघाडीला ती जवळजवळ दुप्पट लागते, कारण एकाचं मत वाढलं की बहुधा दुसऱ्याचं घटलेलं असतं. म्हणजे सहाशेच्या सॅम्पलवर आघाडी अधिक-उणे ८. अशा दोन सर्व्हेंमध्ये ७ चा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो, दोघंही सज्जन असले तरी.

आणि याच्याही पुढची गंमत ऐका. समजा लढत अगदी बरोबरीची आहे. एखाद्या प्रचार समितीने दोन महिन्यांत सहाशे-सहाशेचे आठ सर्व्हे केले, सगळे प्रामाणिक. त्यातला सर्वात गोड निघालेला सरासरीने ६ च्या आसपास आघाडी दाखवेल. नुसत्या नशिबाने. तो एक बाहेर द्यायचा, सात कपाटात. कुणीही काहीही शिजवलेलं नाही.

डेस्कवरचा

हेडफोनवाली यांनी आतली बाजू सांगितली, मी पलीकडची सांगतो. अशी एकपानी कागदं जिथे येऊन पडतात त्या टेबलावर मी होतो.

साधारण संध्याकाळी सहा-साडेसहाला येतात. हा योगायोग नाही. त्या वेळी पान लावायचं असतं, एक जाहिरात रद्द झालेली असते, आणि उलटतपासणीला माणूस नसतो. कागद फुकट, मथळा तयार, आलेख रंगीत. मी दर वेळी विचारायचो, "मूळ प्रश्नावली मिळेल का?" उत्तर ठरलेलं: "उद्या पाठवतो." तो उद्या कधी उजाडला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही बातमी थांबवली नाही. शेजारच्या पेपरने लावली तर? 'सूत्रांनुसार' एवढं टाकून मोकळं.

पण पैसे कोण आणि का देतं हे ज्याला उघड्या डोळ्यांनी बघायचंय त्याने ऑस्ट्रियाचं प्रकरण बघावं. ऑक्टोबर २०२१. सरकारी वकिलांनी चान्सलरच्या, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाच्या, कचेरीवर आणि अर्थ मंत्रालयावर छापे टाकले. आरोप असा की २०१६ पासून, सेबास्टियन कुर्त्स परराष्ट्रमंत्री असताना आणि पक्षाचं नेतृत्व त्यांना हवं असताना, त्यांना सोयीचे सर्व्हे करवून घेतले गेले, ते एका खपाच्या टॅब्लॉइडमध्ये छापून आणले गेले, आणि बिल फाडलं गेलं अर्थ मंत्रालयाच्या नावाने, दुसऱ्याच कुठल्या अभ्यासाचा खर्च म्हणून. पेपरला सरकारी जाहिराती मिळायच्या. तपासात अधिकाऱ्यांचे मोबाईलवरचे संदेश सापडले. छाप्यानंतर तीनच दिवसांत, ९ ऑक्टोबरला, कुर्त्स यांनी चान्सलरपद सोडलं. त्यांनी आरोप फेटाळले आहेत, हेही सांगायला हवं.

आता बघा, त्या सर्व्हेंचा गिऱ्हाईक मतदार होता का? २०१६ मध्ये तर संसदेची निवडणूक दारातही नव्हती. आरोप खरे धरले तर ते सर्व्हे पक्षातल्याच लोकांसाठी होते. सध्याच्या नेत्याच्या हाताखाली पक्ष बुडतोय, हा तरुण आला तर तरेल, एवढं त्यांच्या मनावर ठसवायचं. मे २०१७ मध्ये नेतृत्व बदललंच.

फ्रान्समध्ये सार्कोझींच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीने घेतलेल्या सर्व्हेंवर २००९ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने बोट ठेवलं. निविदा नाही, आणि सरकारी पैशाने घेतलेले काही सर्व्हे वर्तमानपत्रातही झळकलेले. जानेवारी २०२२ मध्ये त्या प्रकरणात क्लोद गेआंसारख्या माजी मंत्र्याला शिक्षा झाली. आणि हे त्या देशात, जिथे १९७७ पासून कायदा आहे की सर्व्हे छापायचा तर कोणी करवून घेतला ते छापलंच पाहिजे!

काठावरचा

बापरे. म्हणजे गिऱ्हाईक मी नाहीच? मी तर समजत होतो हे सगळं माझ्यावर प्रभाव टाकायला चाललंय.

हेडफोनवाली

तुम्ही यादीत आहात, पण बरेच खाली.

अंदाज चढता असला की लोक जिंकणाऱ्याच्या मागे धावतात म्हणतात. धावतही असतील काही. पण काही उलट घाबरून मागे पडलेल्याकडे वळतात, आणि काही 'जिंकतोयच ना, मग आपण कशाला जायचं' म्हणून घरी बसतात. या तिन्हींची बेरीज काय होईल याची खात्री कोणालाच देता येत नाही. एवढ्या अनिश्चित गोष्टीवर शहाणा माणूस पैसा लावत नाही.

पैसा लागतो तो मोजक्या माणसांसाठी. सगळ्यात वर देणगीदार. हरणाऱ्या घोड्यावर कोणी पैसा लावत नाही, तेव्हा 'दोनच टक्क्यांनी मागे, थोडा जोर लावा' हे दाखवणारा कागद त्याच्यापुढे ठेवायचा. मग तिकीट देणारे, मग आपलेच कार्यकर्ते, जे मागच्या आठवड्यापासून फोन उचलत नाहीत. मग समोरच्या गोटातले कुंपणावर बसलेले पुढारी.

कधी कधी आकडा म्हणजे थेट प्रवेशपत्रच असतं. अमेरिकेत २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने वादसभेच्या मंचावर यायला अट घातली: मान्य केलेल्या तीन सर्व्हेंत किमान १ टक्का, नाहीतर ६५ हजार देणगीदार. मान्य सर्व्हेंची यादी पक्षाने ठरवली आणि उमेदवाराचा घरचा सर्व्हे त्यात चालत नव्हता. आपल्या घरच्या सर्व्हेची किंमत पक्षांना किती पक्की माहीत आहे बघा!

आणि एक प्रकार असा की तुमच्या नाकासमोरून जातो आणि तुम्हाला कळतही नाही. तिकडे उमेदवाराला आणि त्याच्या बाजूने बाहेरून खर्च करणाऱ्या गटांना आपसात ठरवून काम करायला कायद्याने बंदी आहे. पण जे जाहीर आहे ते वाचायला बंदी नाही! मग आकडा उघड्यावर टाकायचा, ज्याला कळायचा त्याला कळतो. २०१४ मध्ये तर निनावी ट्विटर खाती सापडली होती. वरवर बघितलं तर अक्षरं आणि आकड्यांची अर्थहीन माळ, प्रत्यक्षात मतदारसंघवार अंतर्गत सर्व्हेचे निकाल. बातमी यायच्या बेतात असताना खाती गायब.

त्यांच्या निवडणूक आयोगाचा एक नियम मला फार आवडतो. पक्षाने केलेला सर्व्हे उमेदवाराला दिला तर ती देणगी धरतात, म्हणजे त्याची किंमत लावावी लागते. ताजा असेल तर पूर्ण. १६ ते ६० दिवसांचा असेल तर निम्मी. ६१ ते १८० दिवसांचा, तर फक्त ५ टक्के. त्यापुढे शून्य. सर्व्हे शिळा होतो हे सरकारने तक्त्यात लिहून ठेवलंय! म्हणून कपाटातून काढलेला दोन महिन्यांपूर्वीचा सर्व्हे आज कोणी फिरवला की समजा, आतलं काम संपलंय, आता रद्दीचा उपयोग चाललाय. मुलाखती कुठल्या तारखांना झाल्या ते बघा. प्रसिद्धीची तारीख नव्हे.

ठोकताळा

मान्य, मान्य. माझी म्हण मागे घेतो. पण एक सांगा, पक्षाला खरं हवं असतं म्हणता, मग २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध उभा राहिलेला रॉम्नी? त्याच्या गोटाला शेवटपर्यंत वाटत होतं की जिंकतोय.

हेडफोनवाली

बरोबर धरलंत. निवडणुकीनंतर त्यांचे आतले आकडे बाहेर आले. कोलोरॅडो, न्यू हॅम्पशायर इथे ते स्वतःला पुढे समजत होते. दोन्ही ठिकाणी हरले. आणि हे आकडे दाखवायचे नव्हते, खिशातलेच होते.

इथे टाळी वाजवायचा हेतू नसतो. इथे येतो वेटेजचा प्रश्न. मिळालेली सहाशे माणसं कधीच समाजासारखी नसतात. म्हातारे जास्त मिळतात, शिकलेले जास्त मिळतात, तरुण फोन कापतात. म्हणून कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि त्याआधी प्रत्यक्ष मतदानाला कोण जाईल याचा अंदाज करावा लागतो. तो अंदाज माणूस करतो. तुम्ही मनातून एका बाजूचे असाल तर 'यंदा त्यांचे लोक बाहेर पडणार नाहीत' हे तुम्हाला पटकन पटतं. खोटेपणा नाही त्यात. स्वतःच्या मुलाचा पेपर तपासायला बसल्यासारखं असतं ते.

याचा हिशोब न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २०१६ मध्ये एका प्रयोगाने दाखवला. फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची कच्ची उत्तरं त्यांनी चार नावाजलेल्या सर्व्हेवाल्यांना दिली. तीच माणसं, तीच उत्तरं. एकाने क्लिंटन ४ ने पुढे काढली, एकाने ट्रम्प १ ने पुढे. बाकीचे मधे. पाच टक्क्यांची तफावत, एकही नवा फोन न करता. यात कोणाला पक्षाने पैसे दिले नव्हते. आता कल्पना करा, दिले असते तर त्यांतला कुठला टोकाचा आकडा 'शास्त्रशुद्ध' ठरला असता.

त्याच २०१२ मध्ये एक गृहस्थ निघाले होते, बाकीच्यांचे सर्व्हे 'सरळ' करून देणारे. रिपब्लिकन कमी धरलेत म्हणायचे, वाढवायचे, आणि रॉम्नी पुढे. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मला तर मनापासून खरं वाटणाऱ्यांची जास्त भीती वाटते. पान काढणाऱ्याला निदान पान काढलंय हे माहीत असतं.

आणि दानत साफ असली म्हणजे सर्व्हे बरोबर असंही नाही. १९३६ चं लिटररी डायजेस्ट या अमेरिकन साप्ताहिकाचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांवर परत आल्या, रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हणाले, आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्यांना कोणी विकत घेतलं नव्हतं. कोणाला पत्रं गेली आणि कोणी परत पाठवली, तिथेच गाडी घसरली. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने त्यामानाने चिमूटभर सॅम्पलवर विजेता बरोबर सांगितला. हाच गॅलप पुढे पक्षांसाठी सर्व्हे करायला नकार देत राहिला.

तो साधू होता असंही समजू नका हं. अनेक सर्व्हे कंपन्यांचं पोट साबण-टूथपेस्टच्या चौकशांवर चालतं. निवडणुकीचा आकडा म्हणजे त्यांची जाहिरात. बरोबर आला की गिऱ्हाईक वाढतं. पण या हेतूचा एक फायदा असतो, चुकलं तर त्यांचंच नाक कापलं जातं. पक्षाच्या सर्व्हेवाल्याचं नाक निकालाच्या दिवशी कोणी बघत नाही, तोवर बिल चुकतं झालेलं असतं. (आमचं एकदा चुकतं झालं नाही. उमेदवाराला १२ ने मागे दाखवला, त्याने अहवाल परत पाठवला, सोबत 'पुन्हा करा' अशी चिठ्ठी. आम्ही पुन्हा केला. ११ ने मागे. फोन घेणं बंद केलं त्याने.)

अमेरिकेतल्या ज्यांनी वर्षानुवर्षं हिशोब ठेवलाय ते अंदाजपंचे सांगतात: प्रचार समितीने स्वतःहून बाहेर दिलेला सर्व्हे आपल्या उमेदवाराच्या बाजूने साधारण चार-पाच टक्के झुकलेला निघतो. तुमचा पहिला ४ ने पुढे, दुसरा ३ ने. दोन्हींतून तेवढं वजा करून बघा काय उरतं.

डेस्कवरचा

काठावरचा, तुम्ही म्हणालात खाली मुंगीएवढी अक्षरं आहेत. ती नीट वाचा. ब्रिटनमध्ये २००४ पासून सर्व्हे कंपन्यांची संघटना आहे, पोलिंग कौन्सिल. सदस्य कंपनीचा खासगी सर्व्हे गिऱ्हाइकाने बाहेर फोडला तरी कंपनीला मूळ प्रश्न आणि टेबलं जाहीर करावी लागतात. कायदा नाही, आपसातला करार आहे, पण पान ३१ वाला खेळ तिथे अवघड होतो. भारतात कायदा आहे तो वेळेचा: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ खाली मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण पैसे कोणाचे, हा प्रश्न त्या कलमात येतच नाही.

काठावरचा

वाचली. भिंग घेऊन वाचली, खरंच.

४ ने पुढे असलेल्या सर्व्हेचं एकच पान आहे. कोपऱ्यात लिहिलंय 'प्रश्न क्र. २२', आणि प्रश्नाच्या आधी कंसात चार शब्द: 'वरील माहिती ऐकल्यानंतर आता'. मुलाखतीच्या तारखा बघितल्या. मला फोन आला तो दिवस त्यात आहे.

हेडफोनवाली

प्रश्न ५ किंवा ६ कुठे दिसतोय का? कोरा कौल साधारण तिथे असतो.

काठावरचा

नाही. पानाची सुरुवातच २२ पासून आहे. पानाचा नंबर मात्र १ टाकलाय.